जानेवारीत अंदमान: ३ मिमी वेटसूट घ्यावा की ५ मिमी?

निळाई:
जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हॅवलॉकला डायव्हिंगला जातेय. रोज सकाळी दोन डाइव्ह, मधले दोन दिवस दुपारची तिसरीही. अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर (डायव्हिंगचा पुढचा कोर्स) झालंय, त्यामुळे एक-दोन जागा २५-३० मीटरच्या असतील. सेंटरवाले पाणी २७-२८ अंश असेल म्हणतात आणि भाड्यात ३ मिमीची शॉर्टी (आखूड बाह्यांचा, आखूड पायांचा सूट) देतात. माझी अंगकाठी बारीक, वजन ५२ किलो, थंडी लवकर वाजते. स्वतःचा सूट घ्यायचाच आहे, तर ३ मिमी फुल घ्यावा की ५ मिमी? ५ घेतला तर शिसं (बुडण्यासाठी लावायचं वजन) किती वाढवावं लागेल? पुढच्या फेब्रुवारीत इजिप्तला, हुरघाडाला जायचा विचार आहे. एकच सूट दोन्हीकडे चालेल का? जाणकारांनी सांगावं.

ओहोटी:
शॉर्टी तुमच्यासाठी नको, हे आधी सांगतो. २८ अंश ऐकायला उबदार वाटतं, पण उघड्या अंगाची उष्णता टिकून राहायला पाणी साधारण ३३-३५ अंशांचं लागतं. त्याहून गार पाणी ऊब काढून घेतच राहतं, आणि तेही हवेच्या सुमारे २५ पट वेगाने. पहिल्या डाइव्हला हे जाणवत नाही. दुसरीला शेवटी शेवटी बोटं आखडतात, तिसरीला उतरतानाच हुडहुडी भरते, कारण मधल्या तासाभरात गेलेली ऊब पुरती भरून आलेली नसते. त्यामुळे तापमानाच्या आकड्याइतकंच, दिवसाला किती डाइव्ह आणि सलग किती दिवस, हे बघायचं.

दुसरा मुद्दा खोलीचा. निओप्रीन म्हणजे बारीक बंद बुडबुड्यांनी भरलेलं रबर, आणि ऊब धरून ठेवतो तो त्या बुडबुड्यांतला वायू. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे दबतात आणि ३० मीटरवर ५ मिमीचा सूट साधारण निम्म्या जाडीचा उरतो, ३ मिमीचा दीडच्या आसपास. थर्मोक्लाइन (जिथून पाणी एकदम गार होतं तो थर) लागलाच तर बहुधा तोही त्याच खोलीत. अंदमान समुद्रात पाण्याखाली मोठ्या अंतर्गत लाटा चालतात आणि तळाकडचं गार पाणी वर ढकलतात. थायलंडच्या सिमिलान बेटांकडे त्याचा अनुभव जास्त, पण हॅवलॉकच्या खोल जागांवरही पाणी एकदम गार लागू शकतं. सेंटरने सांगितलेला २८ हा वरच्या पाण्याचा आकडा आहे. त्यांना थेट विचारा, गेल्या आठवड्यात २५ मीटरवर डायव्हरांच्या मनगटावरचे कॉम्प्युटर किती तापमान दाखवत होते.

माझं मत: ३ मिमी फुल सूट आणि आत २ मिमीचं हुडेड व्हेस्ट (डोक्याची टोपी जोडलेली बंडी). धड ५ मिमीचं होतं, हातपाय मोकळे राहतात, उथळ डाइव्हला व्हेस्ट काढून ठेवता येतं.

खडपी:
जाडी ठरवण्याआधी माप बघा. ढगळ ५ मिमी हा नीट बसलेल्या ३ मिमीपेक्षा थंड पडतो. सूटमध्ये शिरलेलं पाणी जागच्या जागी राहिलं तर अंगाला ते एकदाच तापवावं लागतं. प्रत्येक किकबरोबर ते बाहेर जाऊन नवं पाणी आत येत असेल, तर जाडीचे पैसे वाया.

दुकानात कोरडा सूट पूर्ण झिप लावून घाला. पाठीमागे कमरेच्या खळग्यात चिमूट धरून बघा. तिथे निओप्रीन सहज सुटून वर येत असेल, तर पाणी नेमकं तिथेच साठणार. दोन्ही हात वर करा. काखेत पोकळी राहायला नको, आणि खांदे खाली ओढले जात असतील तर धड आखूड आहे. मग उकिडवं बसा. गुडघ्यामागे एखादी वळी चालेल, वळ्यांचा गठ्ठा नको. कॉलर त्वचेला चिकटून हवी, पण गिळताना आवळता कामा नये. मानेच्या दोन्ही बाजूंना जास्त दाब आला तर नाडी मंदावते, भोवळ येऊ शकते. ‘पाण्यात सैल होईल’ असं सांगून विकला जाणारा सूट घेऊ नका.

मनगट आणि घोट्याच्या आत गुळगुळीत रबराची पट्टी आणि झिपमागे आतून रुंद पडदा, या दोन गोष्टींसाठी जास्त पैसे द्या. चकाकत्या ‘टायटॅनियम’ अस्तरासाठी देऊ नका, डायव्हरला त्याचा फरक फार जाणवत नाही. बायकांच्या मापाचाच सूट बघा. पुरुषांच्या लहान मापात कंबर ढगळ आणि नितंब घट्ट होतात.

भाड्याचा सूट घेण्याची वेळ आली तर गुडघा आणि बैठकीचा भाग बोटांत दाबून बघा. शेकडो डाइव्ह झालेलं निओप्रीन कायमचं चेपतं, लेबलवर ३ लिहिलेलं असलं तरी.

उत्तरवारा:
मी ५ मिमीच्या बाजूने. लहान चणीच्या शरीराचा वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ते लवकर गार पडतं. शिवाय हुरघाडाला फेब्रुवारीत पाणी २१-२२ अंश असतं, तिथे ३ मिमी आणि व्हेस्टवर भागणार नाही. ५ मिमी फुल घेतला तर अंदमानात नुसता, आणि तिकडे ३ मिमीच्या हुडेड व्हेस्टसह वापरता येईल. शिवाय वर येताना अंग गार पडलेलं असेल तर रक्ताभिसरण मंदावतं आणि खोलीत अंगात मुरलेला नायट्रोजनही हळू बाहेर पडतो. खोल आणि सलग डाइव्हमध्ये ही नुसत्या सोयीची बाब राहत नाही.

शिशाचं: ३ वरून ५ वर जाताना तुमच्या चणीला अंदाजे १ ते २ किलो जास्त लागेल, व्हेस्टचं अर्धा किलो वेगळं. पण अंदाजावर राहू नका, पहिल्याच दिवशी तपासा. सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) पूर्ण रिकामी करून उभ्याने नेहमीएवढा श्वास धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीला हवं, श्वास सोडला की हळू खाली जायला हवं. भरलेल्या सिलिंडरवर तपासलं तर वर २ किलो घाला. ११ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमधली तेवढी हवा डाइव्हमध्ये संपते आणि सिलिंडर तेवढा हलका होतो. वजन कमी पडलं तर त्रास ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येताना काही मिनिटं थांबतात तिथे) होतो: सूट पुन्हा फुगलेला, सिलिंडर हलका, आणि तुम्ही वर तरंगायला लागता. जास्त झालं तर खाली बीसीडीत हवा भरत बसता, आणि वर येताना तीच प्रसरण पावून वेग हाताबाहेर जातो.

आणि वारा! डुंगीवर (तिथल्या होडीवर) ओल्या सूटात बसलं की बाष्पीभवनानेच बरीच ऊब जाते. वर आल्याबरोबर सूट कमरेपर्यंत उतरवा, अंग पुसा, वारा अडवणारं पातळ जॅकेट आणि कानटोपी घाला. गरम चहाचा थर्मास सोबत ठेवाच. उलट उतरण्याआधी झिप लवकर लावू नका. उन्हात, दमट हवेत ५ मिमीमध्ये घाम गळून शरीरातलं पाणी कमी होतं.

निळाई:
खूप उपयोगी. ५ मिमी फुल आणि व्हेस्ट असं ठरवतेय. एकच शंका: हूड घातल्यावर कान नीट मोकळे होतात का? आणि डोक्यातूनच बहुतेक ऊब जाते, हे खरं का?

ओहोटी:
इजिप्त ठरलेलंच असेल तर ५ बरोबर आहे, माझं ३ चं गणित फक्त अंदमानपुरतं होतं. डोक्याचं तसं नाही. डोकं त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणातच, म्हणजे एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, ऊब गमावतं. पण बाकी अंग झाकलेलं असलं की उघड्या डोक्याचा वाटा वाढतो, म्हणून हूड उपयोगाचं.

कानाची अडचण खरी आहे. घट्ट हूड कानाच्या भोकावर बसून हवा कोंडतं, आणि खाली जाताना बाहेरच्या बाजूने कान ओढल्यासारखा दुखतो. अशा वेळी नाक धरून कितीही फुंकलं तरी उपयोग नाही. उतरण्याआधी कानापाशी हूड दोन बोटांनी उचलून आत पाणी जाऊ द्या. डोक्यावर हवेचा फुगा साठत असेल तर टाळूवर तापवलेल्या सुईने दोन-तीन बारीक भोकं पाडा. मास्कची स्कर्ट (कडेची मऊ झालर) थेट त्वचेवर बसवा, हुडाची कड खाली अडकली तर मास्क गळत राहतो.

खडपी:
सामानाचं बघून ठेवा, देशांतर्गत विमानात चेक-इनला बहुधा १५ किलोच मिळतात. ओला ५ मिमी सूट चांगलाच जड होतो आणि तिथल्या दमट हवेत एका रात्रीत वाळत नाही. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी १८ तास थांबायचंच आहे, त्या वेळात गोड्या पाण्यात बुडवून, उलटा करून, रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत वाऱ्याला टांगा. उन्हात निओप्रीन कडक होऊन तडकतं. झिपच्या दातांवर मेणाचा हात फिरवा. घालताना पायात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली की सूट सरकन वर जातो. ओढताना नखं लावू नका, गुळगुळीत पट्टी नखाने फाटते.