दहावीची इंग्रजी तोंडी : वीस गुण नेमके कशाचे? (खडूफळा, आठवी तासिका आणि शब्दवेल्हाळ या टोपणनावांनी झालेली चर्चा)

खडूफळा
मराठी माध्यमात दहावीच्या इंग्रजीला 80 गुण लेखी, 20 अंतर्गत. 2018-19 ला अंतर्गत गुण काढले, पुढच्या वर्षी परत आले. तेव्हा सगळी चर्चा निकालाच्या टक्क्यांची झाली, मुलं बोलतात किती याची झालीच नाही.

माझं म्हणणं, पाठ केलेल्या भाषणाला गुण देणं बंद करा. ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ घडाघडा म्हणणाऱ्याला मध्येच इंग्रजीत विचारा, “तुमच्याकडे गणपती किती दिवस असतो?” तो अडखळतो आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो. मोजलं गेलं ते पाठांतर.

त्यापेक्षा जोडीनं परीक्षा घ्या. दोघांच्या हातात बाजाराचं जवळजवळ सारखं चित्र, फरक सहा. एकाच्या तागडीत वांगी, दुसऱ्याच्या टोमॅटो. चित्र न दाखवता, विचारून विचारून फरक शोधायचे. वेळ 4 मिनिटं. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार यांना प्रत्येकी 5 गुण. केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांतही उमेदवार जोडीनं बसतात. एक परीक्षक बोलतो, दुसरा फक्त ऐकून गुण देतो.

आठवी तासिका
60 चा पट धरा. 30 जोड्या, 4 मिनिटं बोलणं, 2 मिनिटं उठबस आणि गुण लिहिणं. झाली 180 मिनिटं, म्हणजे 35 मिनिटांच्या पाच तासिका संपून सहावी लागली. तेवढा वेळ उरलेली 58 मुलं कोण सांभाळणार? दुसरा परीक्षक कुठून आणायचा?

शिवाय तरबेज मुलगी तीन मिनिटं बोलते आणि जोडीदार “येस, येस” करत राहतो. त्याला गुण कशाचे द्यायचे? घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर न पडणाऱ्या मुलाला पाठ केलेली दहा वाक्यं हाच आधार असतो, तो काढून घेऊ नका. वर्षभर निरीक्षण करा: रोज 5 मुलं ठरवून बोलती करायची, नोंद लगेच वहीत. बारा दिवसांत वर्ग पुरा होतो.

खडूफळा
जोडीदाराचा मुद्दा खरा आहे. म्हणून आधी प्रत्येकाला 30 सेकंदांचा स्वतंत्र प्रश्न द्यायचा, मगच चित्रं. पाठांतराबाबत अर्धं मान्य. विषय आधी सांगा, पुढचे प्रश्न सांगू नका. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत 1 मिनिट तयारी, मग 2 मिनिटांपर्यंत सलग बोलणं आणि त्यावर न सांगितलेले प्रश्न असतात. पण निरीक्षणाच्या वहीत हात वर करणाऱ्यांच्याच नोंदी वाढतात. हजेरीपटाच्या क्रमानं घेतलं नाही, तर मागचा बाक कोराच राहतो.

शब्दवेल्हाळ
दोघांनीही उच्चाराचे 5 गुण सहज सोडून दिले. हे गुण ‘कॉन्व्हेंटसारखं’ बोलण्याला जातात, आणि हा गावाकडच्या मुलांवर सरळ अन्याय आहे. भाषा किती येते याच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपच्या चौकटीनंही (सीईएफआर) 2018 च्या पुरवणीत उच्चाराची मोजपट्टी नव्यानं लिहिली, भर ऐकणाऱ्याला कळण्यावर दिला. ‘टेबल’मधला ट मराठी वळणाचा असला तर काही बिघडत नाही. ‘शीप’ म्हणायचं असताना ‘शिप’ म्हटलं आणि मेंढीचं जहाज झालं, तर गुण कापा.

एकाच चुकीची दोनदा शिक्षाही नको. “येस्टर्डे आय गो” ही चूक व्याकरणात मोजली, की ओघात पुन्हा मोजायची नाही.

आठवी तासिका
उच्चाराचं पटलं. पण निकष कितीही नेमके लिहा, लेखीत 70 पाडणारं मूल समोर आलं की हात आपोआप सैल होतो. तीन कच्च्या मुलांनंतर बेताचं बोलणाराही छान वाटतो. आधी दोन शिक्षकांनी तीच पाच ध्वनिमुद्रणं वेगवेगळी तपासावीत. वीसपैकी तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर प्रत्येक निकषाच्या 3 आणि 4 गुणांच्या वर्णनात नेमकं काय वेगळं आहे यावर बसून बोलावं.

खडूफळा
हे सगळ्यात आधी व्हायला हवं. मुद्रणासाठी पालकांची संमती मात्र घ्या.

शब्दवेल्हाळ
आणि गप्प बसलेल्या मुलाचं? पाच सेकंद थांबा, मग प्रश्न सोप्या शब्दांत विचारा, तरी नाही तर दोन पर्याय द्या: “बस ऑर सायकल?” असा आधार दिला म्हणून गुण कापू नयेत.

आठवी तासिका
इथे मी सहमत नाही. पर्याय दिला की उत्तर एका शब्दाचं होतं. आधार द्या, पण नोंदीत तशी खूण करा आणि ओघाचा एक गुण कमी करा. नाहीतर आधाराशिवाय बोललेल्या मुलाचं मोल काय राहिलं?