'द साउंड ऑफ म्युझिक' : नजरचूक कोणती आणि जाणूनबुजून केलेला बदल कोणता?

वाचनालयाची ताई, गुहागर
नमस्कार. येत्या रविवारी वाचनालयात सातवी-आठवीच्या मुलांना १९६५ सालचा हा चित्रपट दाखवून त्यातील विसंगतींवर बोलायचे आहे. मागच्या खेपेस एका मुलीने बाजाराच्या दृश्यात संत्र्यांच्या खोक्यावर इस्राएलचे नाव वाचले आणि १९३८ सालच्या गोष्टीत ते कसे आले, असे विचारले. शेवटी गोष्टीतले ऑस्ट्रियाचे ट्रॅप कुटुंब नाझींपासून निसटून डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला निघते, तेही नकाशाशी जुळत नाही. यांतल्या खऱ्या चुका कोणत्या, हे जाणकारांनी सांगावे.

आंबा बागायतदार, देवगड
ताई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. इस्राएल हे राष्ट्र मे १९४८मध्ये स्थापन झाले, तेव्हा तो शिक्का ही उघड नजरचूक आहे. मुलांना पटवायचे असेल तर हापूसचे उदाहरण द्या. आपल्या आंब्याला भौगोलिक मानांकन २०१८मध्ये मिळाले. १९९० सालच्या गोष्टीत पेटीवर त्याचे चिन्ह दिसले, तर इथले शाळकरी पोरही त्यावर बोट ठेवील.

स्वित्झर्लंडची गोष्ट निराळी आहे. गोष्ट घडते ते ऑस्ट्रियातले साल्झबुर्ग जर्मनीच्या सीमेला लागून आहे आणि तिथले डोंगर ओलांडले तर माणूस जर्मनीतल्या बव्हेरियात, हिटलरच्या डोंगरावरील निवासस्थानाच्या परिसरात पोहोचतो. खरे कुटुंब आगगाडीने इटलीला गेले. नायिका मारिया हिचे त्या कुटुंबातील कॅप्टनशी लग्नही १९२७ साली झाले होते. चित्रपटाने ते १९३८च्या उंबरठ्यावर आणून ठेवले. कथेला पळापळीचा ताण हवा होता म्हणून केलेले हे बदल आहेत, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

किनाऱ्यावरचा सहायक, मालवण
बागायतदार काकांचे म्हणणे मान्य आहे, पण या दोहोंच्या मधेही बरेच काही असते. मी काही गाण्यांच्या चित्रीकरणात कंटिन्युइटीची, म्हणजे तुकड्यातुकड्यांत सारे सारखे दिसावे यासाठीच्या नोंदींची, वही सांभाळली आहे. गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रीकरण मात्र तुकड्यातुकड्यांनी, कित्येक दिवस चालते. आपल्या किनाऱ्यावर भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे एकच अंतरा सलग दोन दिवस ठरल्या वेळी चित्रित केला, तरी काल जिथे पाणी होते तिथे आज कोरडी वाळू सापडते. कपडे, केस, हातातल्या वस्तू, सारे वहीत उतरवता येते. समुद्राला थांबवता येत नाही.

साल्झबुर्गला पावसाने हेच केले. तिथल्या मुक्कामाचे सहा आठवडे ठरले होते, त्यांचे अकरा झाले. साऱ्या चित्रीकरणाच्या काळात कॅप्टनच्या मुलाचे, फ्रीड्रिखचे, काम करणारा निकोलस हॅमंड सुमारे सहा इंच वाढला! सुरुवातीला त्याच्या बुटांत उंची घालावी लागली आणि शेवटी थोरल्या बहिणीला खोक्यावर उभे करावे लागले. मुलांना त्या भावंडांची उंची प्रसंगाप्रसंगाने पाहायला सांगा. होडी उलटते तेव्हा मारियाचे काम करणाऱ्या जूली अँड्र्यूज सर्वांत धाकट्या मुलीला सावरणार होत्या, कारण तिला पोहता येत नव्हते. पण त्या स्वतः भलत्याच बाजूला पडल्या आणि त्या चिमुकलीच्या नाकातोंडात पाणी गेले. हा प्रसंग हसत सांगू नये, असे मला वाटते.

संगीत नाटकांची प्रेक्षक, रत्नागिरी
आवाजाकडेही लक्ष असू द्या. कॅप्टनच्या भूमिकेतील ख्रिस्तोफर प्लमर यांची पडद्यावरची गाणी बिल ली यांनी गायली आहेत, पण त्यांचे नाव श्रेयनामावलीत नाही. पार्श्वगायकाचे नाव आवर्जून ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हे खटकते. उलट मार्नी निक्सन, ज्यांनी इतर नायिकांना आवाज दिला, त्या येथे जोगिणीच्या वेषात प्रत्यक्ष दिसतात. घराचा दर्शनी भाग आणि तळ्याकाठची बाजूही दोन वेगळ्या ठिकाणची आहे, आणि आतले दिवाणखाने लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभारलेले होते.

वाचनालयाची ताई, गुहागर
मनापासून आभार. यातले आधी काहीच सांगणार नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद देऊन जे खटकेल ते टिपायला सांगेन, आणि त्या मुलीला पुढच्या रांगेत बसवेन. पावसात वीज टिकली, तर सोमवारी त्यांच्या नोंदी येथे लिहीन.