फायर ब्रिकचा वितळणबिंदू: कोन चाचणीत आकडा कमी का येतो?

वीटपारखी: ४२ टक्के ॲल्युमिनाच्या फायर ब्रिकच्या प्रमाणपत्रावर ‘वितळणबिंदू १७४० अंश से.’ असं छापलंय. आमच्याकडे नमुन्याचा कोन (विटेच्या भुकटीचा छोटा सुळका) ऑर्टन ३१ या, ठरावीक तापमानाला लवणाऱ्या प्रमाण कोनासोबत लवतो, म्हणजे १६८३. माल हलका की चाचणी चुकतेय? नमुना पोलादी खलात कुटतो, भट्टी गॅस-ऑक्सिजनची आहे.

शामोट: अशा विटेला एकच वितळणबिंदू नसतो. ॲल्युमिना-सिलिका मिश्रणात पहिला द्रव १५९० च्या आसपास सुटतो, अल्कली आणि लोह असेल तर बराच आधी. मुलाइट (ॲल्युमिना-सिलिकाचा स्फटिक) मात्र १८०० च्या पुढेही टिकतं. द्रव किती झाला आणि तो किती दाट आहे, यावर कोन लवतो. तो १७४० बहुधा ऑर्टन ३३ चा (१७४३) आकडा असावा.

पहिला संशय खलावर. कुटताना लोखंड मिसळतं, म्हणून भुकटीतून चुंबक फिरवाच. सगळा नमुना २१२ मायक्रॉन चाळणीतून गेला पाहिजे, पण थोडं कुटा, चाळा, वर राहिलेलं पुन्हा कुटा. एकदम दळलं तर पीठ जास्त होतं आणि कोन लवकर लवतो.

दुसरा संशय ज्वाळेवर. गॅस जादा झाला की फेरिक ऑक्साइडचं फेरस होतं, आणि ते सिलिकाशी फार लवकर पातळ होतं. ऑक्सिजन थोडा जास्त ठेवा.

कोन अल्कलीमुक्त डेक्स्ट्रिनने (स्टार्चपासूनचा डिंक) बांधा. प्रमाण कोन आणि नमुन्याचे कोन तबकावर आलटून-पालटून, कललेली बाजू ८२ अंशांत. शेवटच्या टप्प्यात तासाला १५० अंशच वाढवा. टोक तबकाला टेकलं की नोंद. कोन फुगला किंवा बुडातून बसला तर ती चाचणी रद्द, कच्ची माती असेल तर आधी भाजून घ्या.

पायरोमीटर: प्रमाणपत्रावर एसके (सेगर कोन, ऑर्टनहून वेगळी मालिका) लिहिलंय का बघा. सेगर ३४ सुमारे १७५०, ऑर्टन ३४ मात्र १७६३. नंबर सारखा, तापमान वेगळं.

शुद्ध ॲल्युमिनाचा वितळणबिंदू (२०५४) काढायचा तर पद्धत निराळी: निष्क्रिय वायूत टंगस्टनची कुपी, पायरोमीटर (प्रकाशावरून दुरून तापमान मोजणारं उपकरण) बारीक खोल छिद्रावर रोखलेला, आणि थंड होतानाच्या आलेखावरचा सपाट टप्पा वाचायचा. उघड्या पृष्ठभागावर रोखलात तर कमी उत्सर्जकतेमुळे (पृष्ठभाग पूर्ण प्रकाश सोडत नाही) आकडा कमी दिसतो.

वीटपारखी: प्रमाणपत्रावर एसके ३३ आहे. विटा कमानीत जाणार आहेत.

शामोट: एसके ३३ म्हणजे १७३० च्या आसपास, तरीही तुमच्यापेक्षा बरंच वर. चुंबक आणि ज्वाळा सुधारून पुन्हा लावा. कमानीसाठी मात्र कोनावर निर्णय घेऊ नका, आयएस १५२८ भाग २ या भारतीय मानकाप्रमाणे भाराखालची चाचणी मागा. ०.२ मेगापास्कल दाबाखाली वीट कोनाच्या आकड्याच्या कितीतरी आधी दबू लागते.