दहावीचा मुलगा, घरात एकच फोन, आणि तोही माझ्या ड्युटीवर

चोपड्याची_ताई | १९ ऑक्टोबर २०२०, रात्री १०:४०

नमस्कार. मी चोपडा तालुक्यात आशा सेविका आहे. सध्या कोरोनासाठीच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सर्व्हेची दुसरी फेरी चालू आहे. सकाळी आठला ऑक्सिमीटर आणि टेम्परेचरची गन घेऊन निघते, ती दुपारी दोन-अडीचला घरी येते. घरोघरची माहिती अ‍ॅपमध्ये भरावी लागते म्हणून फोन माझ्याजवळ. आणि मुलाचा ऑनलाइन तास अकरा ते एक. त्याच्या पप्पांचा फोन बटणांचा. आता सांगा.

बरं, फोनचं एक वेळ काहीतरी जमेल. मला विचारायचंय ते पुढचं. रात्री फोन त्याच्या हातात देते, सरांनी ग्रुपवर टाकलेले व्हिडिओ तो बघतो. मी विचारते, समजलं का रे? "हो." गणित? "हो." इंग्रजी? "हो." परवा दप्तर झाडायला घेतलं तेव्हा बीजगणिताची वही उघडली. वर तारीख, धड्याचं नाव लाल पेनाने, त्याच्याखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा, आणि पुढे पान कोरं. पलटलं तर पुन्हा तेच. तारीख, लाल नाव, दोन रेघा, कोरं पान. अक्षर मात्र सुंदर हो!

नववीपर्यंत शाळेतून आला की दारातूनच सुरू व्हायचा, कोणत्या सरांनी काय केलं, कोणाला अंगठे धरायला लावले. आता ताटाकडे बघत जेवतो, हात धुतो आणि ओट्यावर जाऊन बसतो. काही बोलूनच नाही राहिला.

त्यात चुलत्याबरोबर केळीची गाडी भरायला जायला लागलाय. संध्याकाळी रोख पैसे हातात पडतात. एकदा म्हणाला, "मम्मी, दिवसाचं धरलं तर मी तुझ्यापेक्षा जास्त कमावतो." हिशेब खोटा नाही, म्हणून मी गप्प बसले.

मी स्वतः दहावी पास, गणितात काठावर. रागावून झालं, दहावीचं वर्ष आहे म्हणून झालं, देवाची शपथ घालून झाली. जिला विषय येत नाही अशा आईने पोराला अभ्यासाला कसं धरून ठेवायचं? कोणी केलं असेल तर सांगा. मोटिवेशनचे व्हिडिओ कृपा करून पाठवू नका, ते आमच्या ग्रुपवर रोज सकाळी येतात.

---

मूळ_भुसावळकर | २० ऑक्टोबर, सकाळी ९:१५

ताई, मी नोकरीनिमित्त पिंपरीत आहे. माझी मुलगीही दहावीला. आम्ही साधासा टॅब घेतला, हप्त्यावर मिळतो. त्यात एक लर्निंग अ‍ॅप टाकून घेतलं, पैसे भरावे लागतात पण समजावतात छान. सध्या मी घरूनच काम करतो, त्यामुळे तिच्या शेजारीच बसलेला असतो. तिची प्रगती चांगली आहे. विचार करून बघा.

---

धुळ्याचा_बाप | २० ऑक्टोबर, दुपारी १:०५

भाऊ, ते शेजारी बसणं काढून टाका आणि मग सांगा टॅबचा किती फायदा झाला.

आमच्याकडेही असंच टॅब आणि अ‍ॅप विकणारा एक गोड बोलणारा माणूस घरी आला होता. पोराची परीक्षा घेतली, पोरगं कच्चं निघालं (ते निघणारच होतं), आणि बायकोसमोर मला सही करावी लागली. पहिल्या आठवड्यात पोरगं पडद्यावर हृदय गोल गोल फिरवून बघत होतं. आता टॅबवर गेम आहेत आणि दर महिन्याला माझ्या खात्यातून हप्ता जातो. ताई, या भानगडीत पडू नका. बाकी उत्तर माझ्याकडे नाही, मीपण वाचायलाच आलोय.

---

तळोद्याचा_गणितवाला | २० ऑक्टोबर, रात्री ९:५०

ताई, मी तळोद्याकडे माध्यमिकला गणित शिकवतो. आमची बरीच पोरं सातपुड्यातली. मार्चपासून वसतिगृहं बंद, पोरं आपापल्या पाड्यावर. धडगावच्या वरच्या अंगाला रेंज शोधायला टेकडी चढावी लागते. छोट्यांसाठी सह्याद्रीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका तरी होती, पण तीही आठवीपर्यंतच, आणि पाड्यावर टीव्ही किती घरात असणार? म्हणून मी ऑनलाइनच्या फार नादी लागलोच नाही. मोटारसायकलवर जाऊन वह्या गोळा करतो, तपासतो, पुढच्या फेरीत परत देतो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

तुमचा "समजलं का" हा प्रश्न आधी बंद करा. त्याला "हो"शिवाय उत्तर नसतं. वर्गातही सगळे "हो सर" म्हणतात, पण तिथे आम्हाला तोंडं दिसतात. शेवटच्या बाकावरचा "हो" म्हणताना खिडकीबाहेर बघत असला की आम्ही समजून जातो. व्हिडिओला काही दिसत नाही. तुम्हाला दिसतं, पण तुम्ही स्वतःला गणित येत नाही म्हणून मागे सरताय. इथे गणित यायची गरजच नाही.

रोज रात्री जेवणं झाली की एक उदाहरण. एकच. ते त्याने सोडवायचं नाही, तुम्हाला समजावून सांगायचं. तुम्ही फक्त म्हणायचं, "ही ओळ कुठून आली?" समजा त्याच्यापुढे ही दोन समीकरणं आहेत:

३ एक्स + २ वाय = १६
३ एक्स − वाय = १०

पहिल्यातून दुसरं वजा करायचं. एक्स उडाला. आता २ वाय मधून उणे वाय वजा करायचा, म्हणजे होतात ३ वाय. इकडे १६ वजा १०, सहा. वाय आला २, एक्स ४. माझी निम्मी पोरं इथे ३ वायच्या जागी नुसता वाय लिहितात, कारण उणे वाय वजा करताना चिन्ह बदलायचं राहून जातं. व्हिडिओ बघताना हे बरोबर वाटतं, कारण सोडवणारा दुसराच असतो. तुम्ही "ही ओळ कुठून आली" म्हणालात की तो तिथेच अडखळेल. अडखळला की त्या ओळीपाशी पेन्सिलने टिंब द्या. चूक म्हणू नका, बरोबर म्हणू नका. त्या पानाचा फोटो काढून त्याच्या सरांना पाठवा आणि खाली लिहा, "सर, टिंब केलेल्या ओळीत अडतंय." मास्तर म्हणून सांगतो, असा फोटो आला की रात्री अकरालाही उत्तर द्यावंसं वाटतं. "सर काहीच समजत नाही" या मेसेजला काय उत्तर देणार?

उत्तर लिहून किंवा आवाज रेकॉर्ड करून मागा. दोन मिनिटांच्या आवाजाला नेट फारसं लागत नाही, आणि तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो. आमच्याकडची पोरं तर आहिराणीतच सांगतात, "सर, माले काईज समजनं नही." मीही मग त्यांच्या बोलीतच उत्तर देतो. प्रमाण भाषा बोर्डाच्या पेपरात लिहू.

कोऱ्या पानांबद्दल. जुलैत अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केलाय. कोणता भाग गेला ती यादी सरांकडून मागवा आणि त्यालाच पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत खुणा करायला लावा. मागे पडलेल्या पोराला पुस्तक होतं त्यापेक्षा जाड दिसतं. बीजगणित ४० गुणांचं, भूमिती ४०, बाकी २० शाळेच्या हातात. मागचं सगळं भरून काढ असं अजिबात म्हणू नका. आज जो धडा चालू आहे तिथून धरा.

केळीच्या गाडीचं मात्र मी स्पष्ट बोलतो. कामाला हलकं म्हणू नका, त्याला लागेल. पण रोज जाऊ देऊ नका. आमच्याकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांच्याबरोबर गेलेलं दहावीचं पोरगं परत वर्गात आणणं किती जड जातं हे मी बघतो. पैशाशी भांडू नका, त्यात आपण हरतो. चुलत्याला बाजूला घेऊन सांगा की रविवारशिवाय न्यायचं नाही.

त्याच्या हिशेबी डोक्याला अर्थनियोजनाचा धडा द्या. घरात खताचं आणि फवारणीच्या औषधाचं बिल असेल ते पुढे ठेवा. खतावर सीजीएसटी (केंद्राचा) अडीच टक्के, एसजीएसटी (राज्याचा) अडीच टक्के. औषधावर नऊ आणि नऊ. एकूण रकमेत कर किती गेला ते त्याने त्याच्या पप्पांना काढून दाखवायचं. धडाभर उदाहरणं याच जातीची आहेत.

अजून एक. साने गुरुजी अमळनेरला होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. एवढा दम माझ्यात नाही. मी आपला प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहितो, अभ्यासाच्या नाही, "तुमच्या म्हशीला काय झालं" अशा. पुढच्या फेरीत त्याचं उत्तर आधी येतं, गणितं नंतर. त्याच्या एखाद्या आवडत्या सरांना सांगून बघा, आठवड्यात एकदा बटणांच्या फोनवर का होईना, नाव घेऊन त्याच्याशी बोला म्हणून.

---

अकरावीवाली_अमळनेर | २१ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

मावशी, मी याच मार्चमध्ये दहावी दिली. आमचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, बाकीच्या पेपरांवरून सरासरी मार्क दिले. म्हणजे मी अर्धी तुमच्या मुलाच्या बाजूची.

ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद, माइक बंद. आपण आहोत का नाही हे कोणालाच कळत नाही. एकदा मी तास लावून भाकरी टाकत होते, हजेरी लागली! सुरुवातीला मजा वाटते, मग वाटतं की मी नसले तरी काय फरक पडतो. तो गप्प बसलाय त्यात थोडं हे असेल.

म्हणून त्याला असं काम द्या की ज्याच्यावाचून तुमचं खरंच अडेल. तुमच्या सर्व्हेचे आकडे रोज जुळवायचे असतील ना? नावं दाखवू नका, फक्त वयं वाचून दाखवा. शून्य ते दहा, दहा ते वीस असे गट त्याला पाडायला सांगा. सांख्यिकीच्या धड्यात वारंवारता सारणी म्हणजे हेच आहे. माझ्या आईने मला बचत गटाचं रजिस्टर दिलं होतं, मी तिच्यावर चिडून चिडून ते लिहायचे, पण लिहायचे.

आणि गल्लीत वर्गातलं कोणी असेल तर दोघांना ओट्यावर अंतर ठेवून बसू द्या. आईला समजावण्यापेक्षा मित्राला समजावताना लाज कमी वाटते. सॉरी मावशी, पण खरंय.

"दहावीचं वर्ष आहे" हे वाक्य तेवढं बंद करा. त्याला माहीत आहे.

---

चोपड्याची_ताई | २८ ऑक्टोबर, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. दसऱ्याच्या गडबडीत लिहायचं राहिलं.

सर, रात्रीचं एक उदाहरण सुरू केलंय. आधी म्हणाला, तुला काय कळणार. म्हटलं, म्हणून तर विचारते. दोन ओळी सांगून चिडून उठला. दुसऱ्या रात्री मी विचारलंच नाही, तर स्वतःच वही घेऊन आला आणि "ही ओळ कुठून आली ते विचार" म्हणाला. टिंबाचा फोटो पाठवला, त्याच्या सरांनी आवाजात उत्तर पाठवलं, सुरुवातीलाच त्याचं नाव घेतलं. ते उत्तर त्याने किती वेळा ऐकलं काय सांगू! गणितासाठी ऐकलं का नावासाठी, देव जाणे.

बिलाचं मात्र भलतंच झालं. त्याच्या पप्पांनी आणलेली औषधाची पावती कच्ची निघाली, जीएसटीचा पत्ताच नाही. पोराने धड्यातला बिलाचा नमुना काढला आणि पप्पांना म्हणाला, जीएसटी नंबर कुठे, पक्कं बिल आणा. पप्पा म्हणाले, तू मला शिकवतोस? दोघांचं वाजलं. मी मधे पडले नाही. महिन्याभराने घरात त्याचा आवाज ऐकला, मला भांडणही गोड लागलं.

सर्व्हेची बेरीज तो करतो. अकरावीवाली बाई, तू म्हणतेस तसाच चिडून चिडून करतो.

केळीच्या गाडीचं काम सुटलेलं नाही. चुलत्याने रविवारचं कबूल केलं, पण मधे एक दिवस घेऊन गेलाच. त्याच्याशी पुन्हा बोलायचंय.

आता सर, एक विचारायचं होतं. भूमितीच्या रचना आल्यात. वर्तुळाला स्पर्शिका. फोटो पाठवला तर त्याचे सर म्हणतात, नीट दिसत नाही. काय करू?

---

तळोद्याचा_गणितवाला | २८ ऑक्टोबर, रात्री १०:५५

रचना फोटोवर मीही तपासत नाही, कोन वाकडे दिसतात. गावातून शाळेकडे जाणारं कोणी असेल तर वहीच पोचती करा. तोपर्यंत तुम्ही एवढं बघा: कंपासने काढलेले कंस पुसलेले नसावेत, मार्क त्या कंसांना असतात. कच्ची आकृती बाजूला काढलेली असावी. बिंदूंना नावं दिलेली असावीत. हे बघायला गणित लागत नाही.

आणि पेन्सिलीला टोक करून द्या. बोथट पेन्सिलीची स्पर्शिका वर्तुळाला दोन ठिकाणी शिवते, आणि मग पोरगं म्हणतं, पुस्तकच चुकीचं आहे.