डायनिंग टेबलसाठी लाईव्ह एज फळी: आंबा की शिरीष? सल्ला हवाय

मुलुंडची: नमस्कार मंडळी. सहा माणसांसाठी डायनिंग टेबल करून घ्यायचंय. झाडाची मूळची वळणदार कड तशीच राखलेली अखंड फळी हवी. ६ फूट बाय अडीच फूट, २ इंच जाड. शनिवारी रे रोडच्या चार वखारी पालथ्या घातल्या. दोन फळ्या मनात भरल्या. एक आंब्याची, फिकट, मधूनमधून काळपट रेघा. दुसरी विलायती शिरीषाची, चॉकलेटी गाभा आणि कडेला पिवळसर पट्टा, तिच्यावरून नजर हटेना. वखारवाले म्हणतात दोन्ही 'एकदम सुक्या'. शब्दावर विश्वास ठेवावा का? घरात रोज संध्याकाळी एसी असतो.

रंधाप्रेमी: ताई, शब्दावर घेऊ नका. लाकडातली ओल टक्क्यांत दाखवणारा पिनांचा मॉइश्चर मीटर ऑनलाइन मिळतो, तो घेऊन जा. टोकाला लावू नका, टोकं आधी सुकतात. मधल्या भागात दोन्ही बाजूंनी चार-पाच जागी लावा. पिना वरच्या थरातच जातात, म्हणून फळी लांबीला जास्त असेल तर टोकाकडून वीतभर कापून मागा आणि ताज्या कापावर आकडा बघा. १२ टक्क्यांच्या आसपास असेल तरच भावाचं बोला. भट्टीत न सुकवता नुसत्या हवेवर ठेवलेल्या लाकडाला ढोबळमानाने इंचाला एक वर्ष लागतं, म्हणजे तुमच्या फळीला दोन.

मी स्वतः पोळलोय. शिरीषाचीच फळी, भर पावसाळ्यात घेतलेली. हात लावला तर गार लागत होती, पण रंगावर भाळलो. एसीच्या खोलीत तीन महिन्यांत दोन्ही कडा वर उचलल्या. आडवी पट्टी ठेवली की मधे खालून करंगळी आरपार जायची. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त. म्हणून टोकाची वर्तुळं नीट बघा. त्यांचा मध्यबिंदू फळीतच आला असेल तर तिथून तडा जाण्याची भीती फार.

गिरगावकरीण: तो पिवळसर पट्टा दिसायला सुंदर, पण किडीला तोच आवडतो. आंबा तर सगळाच आवडतो. फळी उलटी करून टाचणीच्या डोक्याएवढी भोकं शोधा आणि तिथे टिचकी मारा. मैद्यासारखी पूड गळली तर ती फळी घरात आणू नका. साल पूर्ण काढून घ्या, आणि पॉलिशआधी बोरॅक्स-बोरिक अॅसिडचा हात मारायला सांगा. शिवाय फळी ४०-४५ किलोची भरेल, लिफ्ट आणि जिन्याचं वळण आधी मोजा.

मुलुंडची: मीटर घेऊन परत गेले! आंबा ११ ते १३, शिरीष २२. वखारवाल्यांनी आंबा सात फुटी असल्यामुळे टोक कापूनही दाखवलं, आत १३. भोकं नाहीत, मध्यबिंदूही फळीबाहेर आहे. शिरीष सोडताना जीव खालीवर झाला, पण आंबा नक्की केला. आता लोखंडी पाय लावायचेत. मिस्त्री म्हणतो सरळ स्क्रू मारून आवळून टाकतो.

रंधाप्रेमी: आवळू देऊ नका. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगणार, उन्हाळ्यात आटणार. जागा नाही मिळाली तर फाटणार. पायांच्या वरच्या पट्टीत, फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडायला सांगा आणि स्क्रूखाली वायसर टाका. पॉलिश वर आणि खाली सारख्याच हातांचं करून घ्या. खालची बाजू कोरी सोडली तर ती आधी ओल ओढते.

मुलुंडची: वेल्डरला भोकांचं चित्र काढून दिलंय. लिफ्टही मोजली, फळी तिरकी बसते.