जुनं सदर्न गॉस्पेल: तबकडीत खरंच काही आहे, की नुसता जुनेपणाचा गोडवा?

तबकडीबहाद्दर:

"एल्विसचा नाद असलेलेच जुनं सदर्न गॉस्पेल ऐकतात, बाकी त्यात काही नाही" असं दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं. तिथे अवांतर नको म्हणून इथे लिहितो. सदर्न गॉस्पेल म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतली, बहुतेक चार जणांच्या चौकडीने गायची ख्रिस्ती भक्तिगीतं.

एल्विस प्रेस्लीचा संबंध आहेच. त्याला स्पर्धेत मिळालेली तिन्ही ग्रॅमी गॉस्पेलसाठी होती, स्टेट्समेन चौकडीचा जेक हेस हा त्याचा आदर्श, आणि १९७१ पासून शेवटपर्यंत जे. डी. समनर आणि त्यांची स्टॅम्प्स चौकडी त्याच्यामागे गात होती. पण तो या गाण्याचा गिऱ्हाईक. गाण्याचा उगम पुस्तकविक्रीत आहे. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गच्या जेम्स डी. वॉन यांनी १९१० मध्ये पगारी चौकडी गावोगाव पाठवली ती गाण्याची पुस्तकं खपवायला. पुस्तकांत स्वरलेखन आकारांचं: सा म्हणजे त्रिकोण, ग म्हणजे पत्त्यांतली चौकट, प गोल, ध चौरस. पट्टी कुठलीही असो, त्रिकोण दिसला की सा. गायनशाळेत काही दिवस बसून शेतकऱ्यांची पोरं चार ओळींत गायला शिकत. त्यामुळे ही गाणी साध्या गळ्याला पेलतील अशीच बांधलेली, आणि चारही आवाजांना काहीतरी काम दिलेलं. १९२७ मध्ये व्हिक्टर कंपनीने स्टॅम्प्स चौकडीची तबकडी काढली, त्यात धृपदाला चक्क खर्जवाला पुढे येतो आणि बाकीचे तिघे मागून ठोक्याच्या फटीत शब्द टाकतात. पुढची तीस-पस्तीस वर्षं सगळ्यांनी हा साचा वापरला.

माझं म्हणणं असं की १९२७ ते साधारण १९६५ या काळातल्या ध्वनिमुद्रणांची गोडी कारागिरीत आहे. चौघे एका खोलीत, एकाच वेळी, मोजक्या माईकांवर. त्या काळचा रिबन माईक, उदाहरणार्थ आरसीए ४४, पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही कुशींना बहिरा असतो. म्हणजे गायक समोरासमोर उभे राहू शकतात, एकमेकांचे ओठ बघून शब्दाचा शेवट एकत्र सोडू शकतात. आवाजाचं माप बटणाने नाही, पावलाने ठरतं: अंतर दुप्पट केलं की सुमारे सहा डेसिबल कमी. वरच्या पट्टीचा टेनर मागे, खर्ज जवळ. आणि रिबन माईकच्या वीतभर जवळ गेलं की खालचे स्वर आपोआप फुगतात, म्हणून खर्जवाल्याला ओरडावं लागत नाही. आज चौघे चार दिवशी येऊन आपापला ट्रॅक भरून जातात. फरक ऐकू येणारच.

शंकेखोर:

असहमत. तुम्ही ऐकता ते जुनं संगीत नाही, गाळून उरलेलं जुनं संगीत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत दक्षिणेत गल्लोगल्ली चौकड्या होत्या. पदरचे पैसे घालून पाचशे-हजार प्रतींची एलपी काढायची आणि कार्यक्रमानंतर टेबलावर मांडून विकायची. त्यातली कुठलीही चार काढा: टेनर चढलेला, पियानो उतरलेला, सगळी गाणी तीच ती, शेवटच्या कडव्याला ठरलेली अर्ध्या स्वराची चढण. त्यांचं पुनर्मुद्रण कुणी करत नाही. मग स्टेट्समेन आणि ब्लॅकवुड ब्रदर्स या नामांकित चौकड्या समोर ठेवून "तेव्हाचे लोक" म्हणायचं, हा कुठला न्याय?

दुसरं, एका दमात मुद्रण झाल्याची भाबडी समजूत सोडा. चुंबकीय फीत चाळीसच्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओत आली. तेव्हापासून ब्लेडने कापून दोन टेक जोडणं नेहमीचं. तुमच्या कालखंडातली निम्मी वर्षं फितीचीच आहेत.

तिसरं, ही आवड टिकली नाही, टिकवली गेली. १९९१ मध्ये गॉस्पेल गीतकार बिल गेदर यांनी जेक हेस, होवी लिस्टर, जेम्स ब्लॅकवुड, ग्लेन पेन, जॉर्ज यौंस अशा बुजुर्गांना नॅशव्हिलमध्ये एकत्र बसवून कॅमेरा लावला. त्यातून होमकमिंग व्हिडिओंची भलीमोठी मालिका निघाली. डोळ्यांत पाणी, पियानोभोवती घोळका. जुन्या तबकड्यांचा आजचा बराचसा श्रोता तिथून आलेला आहे.

सरळसूर:

गाळणीचा मुद्दा बरोबर, पण तो प्रत्येक काळाला लागू आहे. आजची उत्तम दहा मुद्रणं आणि तेव्हाची उत्तम दहा शेजारी ठेवली तरी एक फरक उरतो, आणि तो मोजता येतो.

तंबोरा नीट लागला की षड्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार येतो. तो सा पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). पियानोचा, आणि आपल्या पेटीचाही, ४०० वर. चौदा सेंट एकट्या आवाजात बहुतेकांना कळणार नाहीत. लांबवलेल्या मेळात, म्हणजे चौघे वेगवेगळे स्वर एकत्र धरून ठेवतात तेव्हा, कळतात. सा २२० हर्ट्झ धरा. शुद्ध गांधार २७५ येतो, पियानोचा २७७.२. सा चा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ कंपनाची पाचपट, ११००, पियानोच्या गांधाराचा चौथा स्वरांश ११०८.७. दोघांच्या भांडणातून सेकंदाला जवळजवळ नऊ हेलकावे ऐकू येतात. गांधार २७५ वर आणला की हेलकावे थांबतात आणि चार आवाजांच्या वर पाचवाच कुणीतरी गातोय असं वाटतं. कोमल निषादाचंही तसंच: सातव्या स्वरांशाचा ९६९ सेंट, पियानोवरचा १०००.

एकमेकांना ऐकत गाणारी माणसं नकळत शुद्धाकडे सरकतात. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून आलं. त्याची नेहमीची मांडणी पियानोची. चार वेगळे ट्रॅक घेतले, प्रत्येकाला ओढून पियानोच्या स्वरावर बसवलं, की प्रत्येक जण सुरात आणि मेळ कोरडा. कार्यक्रमांत तर आता मागे भरलेले आवाज वाजवून त्यावर चौघांनी गायची पद्धत झाली आहे; त्या ट्रॅकने आपला गांधार सोडायचा कुणासाठी?

तपासायचं असेल तर चक वॅगन गँगपासून सुरुवात करा. टेक्सासचं कार्टर कुटुंब: वडील, मुलगा, दोन मुली. पहिलं मुद्रण नोव्हेंबर १९३६, सॅन अँटोनियो. साथीला बहुतेक वेळा फक्त गिटार. तारा छेडल्या की लगेच विरतात, त्यामुळे लांबवलेला मेळ मोकळा ऐकू येतो.

शंकेखोर:

हिशोब झकास, पण लावलात भलत्याच ठिकाणी. स्टेट्समेनकडे होवी लिस्टरचा पियानो सतत चालू, प्रत्येक ओळीच्या शेवटी भरणा. पियानो ४०० वर अडून बसलेला असताना गायक ३८६ वर गेला तर तो पियानोशी भांडेल. शिवाय हेस आणि डेन्व्हर क्रम्पलर यांच्या आवाजातला कंप ऐकलात का? स्वर वरखाली पाऊण-पाऊण श्रुती हलतोय आणि तुम्ही चौदा सेंट मोजताय.

सरळसूर:

पियानोचा मुद्दा अर्धा मान्य. म्हणूनच मी गिटारवाल्या कुटुंबाचं नाव घेतलं. स्टेट्समेनच्या बाबतीत गाण्याची शेपूट ऐका, जिथे पियानो थांबतो आणि चौघे शेवटचा मेळ धरून ठेवतात. कंपाचं म्हणाल तर तो मुख्य आवाजात आणि टेनरमध्ये जास्त. बॅरिटोन (मधला पुरुषी आवाज) आणि खर्ज त्यामानाने सरळ असतात, आणि मेळाचा पाया तेच धरतात. हलत्या स्वराचा मध्य कान पकडतो, हे गमकाच्या देशात समजावून सांगायची गरज नसावी.

रेवा:

सगळे माईक आणि सेंट यांत रमलेत. ज्या मुद्द्याने हा विषय अवघड होतो तो कुणी काढत नाहीये.

चक वॅगन गँग ज्या आठवड्यात सॅन अँटोनियोत गात होती, त्याच आठवड्यात त्याच कंपनीसाठी तिथेच काळा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन मुद्रण करत होता. त्या काळी रेकॉर्ड कंपन्यांच्या याद्याच वेगळ्या असत: गोऱ्यांची "हिलबिली", काळ्यांची "रेस रेकॉर्ड्स". सदर्न गॉस्पेलमधली लय, खर्जाचा तो बूम-बूम ठेका, कडव्याच्या शेवटी एकच ओळ घोळवत ताप वाढवणं, यातलं बरंचसं काळ्यांच्या ज्युबिली चौकड्यांकडून आलेलं आहे. गोल्डन गेट क्वार्टेटची १९३७ नंतरची मुद्रणं ऐका आणि मग पन्नाशीतल्या गोऱ्या चौकड्या ऐका. थॉमस डॉर्सी यांनी लिहिलेलं "पीस इन द व्हॅली" १९५१ मध्ये रेड फोली यांच्या आवाजात गाजलं, १९५७ मध्ये एल्विसने गायलं. डॉर्सी शिकागोचे काळे संगीतकार होते हे किती श्रोत्यांना ठाऊक असेल?

त्यामुळे "कारागिरीची गोडी" हे उत्तर मला सोयीचं वाटतं. शब्दांकडे बघा. आल्बर्ट ब्रमली यांना "आय विल फ्लाय अवे" सुचलं १९२९ मध्ये ओक्लाहोमात कापूस वेचताना, छापलं गेलं १९३२ मध्ये, मंदीच्या ऐन भरात. त्या लोकांना स्वर्ग म्हणजे घर, आणि घर म्हणजे जमीन, जी त्यांच्या हातून निसटत होती. पुढे हीच माणसं उत्तरेतल्या कारखान्यांत गेली. कॅथेड्रल क्वार्टेट दक्षिणेत जन्मलीच नाही, ती ओहायोतल्या अॅक्रनची, टायर कारखान्यांच्या गावची. या गाण्याची गोडी टिकली ती स्थलांतरामुळे. माईक हा तपशील आहे.

तबकडीबहाद्दर:

रेवाताई, देवाणघेवाण पूर्ण मान्य, "घेवाण" जास्त हेही मान्य. पण स्थलांतराने पहिल्या दोन पिढ्यांचं ऐकणं उलगडतं. ज्याचा कापसाशी, अॅक्रनशी आणि येशूशीही संबंध नाही असा पुण्या-नागपूरचा माणूस त्या खर्जापाशी का थबकतो, हे त्यातून कळत नाही. आणि गोल्डन गेटच्या मुद्रणांची गोडीही त्याच खोलीतून, त्याच जवळिकीतून आली आहे. तुमचं उदाहरण माझ्याच पारड्यात पडतं.

रेवा:

खोली तीच होती, दरवाजे दोन होते. पारड्यात टाकताना तेवढं लिहा.

कानसेन:

दोन्ही बाजू ज्यावर भांडताहेत ती मुद्रणं आहेत की त्यांची बिघडवलेली रूपं, हे आधी तपासा. आंतरजालावर फिरणाऱ्या प्रतींत बरेचसे दोष तबकडीवरून संगणकावर उतरवणाऱ्याचे असतात.

७८ च्या तबकडीला एलपीची सुई चालत नाही. एलपीच्या स्टिरिओ सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन, ७८ ला ६५ ते ७५ लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसटते, तिथे फक्त धूळ आणि खरखर. तबकडी मोनो असेल तर डावी-उजवी दोन्ही वाहिन्या एकत्र करा. खाचेतली उभी हालचाल म्हणजे निव्वळ गोंगाट, तो एकमेकांत विरतो. एवढ्यानेच खरखर बरीच उतरते, कुठलंही सॉफ्टवेअर न लावता.

मग ध्वनिवक्र, म्हणजे तबकडी कापताना कुठले स्वर किती चढवायचे-दाबायचे आणि वाजवताना ते उलट कसं करायचं त्याचं माप. १९५४ च्या सुमारास सगळ्यांनी आरआयएए (RIAA) हा एकच वक्र स्वीकारला. तो वाजवताना १०,००० हर्ट्झपाशी १३.७ डेसिबल खाली दाबतो, कारण तबकडी कापताना तितकंच चढवलेलं असतं. तीसच्या दशकातल्या बऱ्याच तबकड्यांत वरचे स्वर तेवढे चढवलेलेच नसत. त्यांना आजच्या फोनो प्रीअँपवर (तबकडीचा आवाज वाढवून हा वक्र लावणाऱ्या यंत्रावर) वाजवलं की स, श गडप, आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. लोक त्याला "जुनी ऊब" म्हणतात! ती ऊब नाही, चुकीचा वक्र आहे.

वेग हा तर सरळसूर यांच्या हिशोबाच्या मुळावर येईलसा वाटणारा मुद्दा. ७८ ऐवजी ७९ फेऱ्यांनी फिरवलं तर सगळं २२ सेंटनी चढतं. मेळातली आपापसांतली अंतरं बदलत नाहीत, तिथे ते सुरक्षित आहेत. पण खर्जवाल्याचा आवाज पातळ होतो आणि ताल उगाच उत्साही. तीसच्या दशकापर्यंत प्रत्यक्ष वेग ७८ च्या आगेमागे असायचा. साथीला पियानो असेल तर वेग बदलत त्याचा सूर ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या मापाला लावून बघा आणि कंपाचा वेग नैसर्गिक वाटतो का ते ऐका. दोन्ही जुळले तर वेग बरोबर.

आणि सगळ्यात मोठा गुन्हा, गोंगाट पुसण्याचा. शेवटचा मेळ संपल्यावर खोलीचा निनाद हळूहळू विरला पाहिजे. एकदम मख्ख शांतता आली, किंवा श्वासाच्या जागी पाण्याचे बुडबुडे ऐकू आले, तर ती प्रत टाकून द्या. थोडी खरखर राहू द्यावी. तिच्यामागचं कान आपोआप वेगळं काढतो.

शंकेखोर:

म्हणजे सुई, वक्र, वेग, गोंगाट, चार ठिकाणी आजच्या माणसाने निवड केली की मग "१९३६ चा अस्सल आवाज" तयार. मग गोडी तेव्हाची की उतरवणाऱ्याची? माझ्या मूळ शंकेला तुम्ही बळच दिलंत.

कानसेन:

निवडी चार आहेत, पण मनमानी नाहीत. पियानो जुळतो किंवा जुळत नाही, स ऐकू येतो किंवा येत नाही.

नव्याने शोधणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण फसवणूक सर्वांत जास्त इथे होते. साठच्या दशकात जुनी मोनो मुद्रणं "इलेक्ट्रॉनिक" स्टिरिओ करून विकली गेली: एका बाजूला खालचे स्वर, दुसऱ्या बाजूला वरचे, मध्ये थोडा विलंब. चौकडीचा त्यात चुथडा होतो, खर्जवाला एका कोपऱ्यात आणि टेनर दुसऱ्या. दोन्ही वाहिन्या पुन्हा एकत्र करूनही सुटका नाही, विलंबामुळे आवाज पोकळ येतो. आरसीएची एलपी असेल तर क्रमांक बघा. एलपीएम म्हणजे मोनो, एलएसपी म्हणजे स्टिरिओ, आणि एलएसपीच्या आकड्यानंतर कंसात ई असेल तर ती नकली स्टिरिओची प्रत. तिला हात न लावता त्याच गाण्यांची एलपीएम शोधा.