अभ्यासिकेत बारा तास बसणं म्हणजे शिस्त का?

नवी पेठ रिटर्न:
एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात शास्त्री रस्त्यालगतच्या एका अभ्यासिकेत मी चार वर्षं काढली. सकाळी सातला खुर्ची गाठायची, संध्याकाळी सातला उठायचं. समोरच्या प्लायवर चिठ्ठी चिकटवलेली: 'भावी तहसीलदार'. त्या बारा तासांतले चार चहाच्या टपरीवर 'यंदा जागा किती निघतील' यात जायचे, हे घरी कधी सांगितलं नाही. आता चाकणला एका कंपनीत स्टोअर बघतो. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, म्हणून ३८ पर्यंत देत राहायचं, याला मी जिद्द म्हणणार नाही. बाप सोयाबीन विकून मेसचे पैसे पाठवतो. तीन अटेम्प्ट, मग दुसरी वाट. पुण्याची एसटी पकडायच्या आधीच ठरवा.

खुर्ची नंबर ४२:
तीनच का? २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर का बसली होती? मुख्य परीक्षेची वस्तुनिष्ठ, म्हणजे पर्याय निवडायची, पद्धत धरून वर्षानुवर्षं तयारी केली, आणि आयोग म्हणे आता वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहायची. आंदोलन झालं तेव्हा कुठे ते २०२५ वर ढकललं. अशा वेळी वाया गेलेला अटेम्प्ट कुणाच्या खात्यावर मांडायचा? आणि टपरीवर चार तास तुम्ही घालवलेत, सगळ्यांना त्यात ओढू नका.

नवी पेठ रिटर्न:
टपरीचं मान्य. पण आयोगाचं वेळापत्रक आपल्या हातात नाही, म्हणून तर आपली तारीख आपण ठरवायची.

लिपिक ताई:
तीन अटेम्प्टवर भांडताय, नशीबवान आहात. मला घरून दोन वर्षं मिळाली होती, नंतर स्थळं बघणार होते. राज्यसेवा हुकली, लिपिकाची पोस्ट मिळाली. मैत्रिणी म्हणाल्या, 'एवढ्यावर थांबलीस?' थांबले नाही, जॉइन झाले. आता रजा टाकून परीक्षा देते. पूर्वी हॉलमध्ये पहिली वीस मिनिटं नुसता हात थरथरायचा, 'नाही निघाली तर?' या विचाराने. पगार सुरू झाल्यापासून ते गेलं. स्थळांचा विषयही घरात कुणी काढत नाही, हा वरचा फायदा.

खुर्ची नंबर ४२:
ताई, सहाला सुटून उत्तरलेखनाचा सराव कधी करता, ते खरं सांगा.

लिपिक ताई:
पहाटे. रोज दोन उत्तरं. तिसऱ्याला डोळा लागतो.